सालोंच्या छपरावरचा वकील

विल्बर्ट काउपिला वकिलाचा सालोंच्या घरावर डोळा आहे, ही कुजबुज आमच्या टॅमरॅक बेमध्ये कुठून सुरू झाली ते मला पक्कं ठाऊक आहे. डोरीन ट्रेव्हॅरोच्या पॅस्टीच्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या भाजक्या करंज्यांच्या दुकानातून, गल्ल्याशेजारच्या टेबलावरून. गावातली कुठलीही बातमी त्या टेबलावर नीट भाजून निघाल्याशिवाय बाहेर पडत नाही. बातमी अशी होती: इर्मा सालो दिवाळखोरीचा अर्ज करायला विल्बर्टकडे गेली, तेव्हा त्याने तिला मुद्दाम नवी गाडी घेऊ दिली नाही. गाडी नाही म्हणजे आमच्याकडे राहणं नाही. नवरा-बायको गाव सोडून जातील, घर मातीमोलाने मिळेल, हा वकिलाचा डाव. पुरावा विचारला की डोरीन नुसतं खिडकीबाहेर बोट दाखवायची. समोर सालोंच्या रिकाम्या घराच्या छपरावर सत्तरीला टेकलेला वकील कमरेला दोर बांधून बर्फ खाली लोटत असायचा.

"दुसऱ्याचं छप्पर फुकटात कोण साफ करतं, सांगा बघू," डोरीन म्हणायची. "माझ्या नवऱ्याला आमचं स्वतःचं करायला सांगून सांगून माझा घसा बसतो."

सगळे आपापल्या पॅस्टीत तोंड घालायचे.

आता विल्बर्टबद्दल. हार्डवेअरच्या दुकानावर एका खोलीत त्याची वकिली. बाप तांब्याच्या खाणीत, आजोबा फिनलंडहून आलेले, तेही खाणीत. खाणी बंद पडल्या तेव्हा गावातली अर्धी माणसं कारखान्यांत कामाला दक्षिणेकडे गेली, मोठ्या पुलापलीकडे. त्यांना आम्ही पुलाखालचे म्हणतो. विल्बर्टही गेला होता, पण वकील होऊन परत आला. वकील होऊन परत आलेला माणूस थोडा तरी शहाणपणात कमी असणार, असं तेव्हा त्याच्या आईलाच वाटलं होतं.

फिनिश माणूस बोलत नाही, हे आमच्याकडे सांगायला लागत नाही. त्याला काही विचारलं आणि तो बोलला नाही, तर ते उत्तर असतं. ते उत्तर म्हणजे नको. "लाकडं तोडायला येतोस का रे?" विचारावं, समोरच्याने खिडकीबाहेर पाहावं, मग आपण हवापाण्याचं बोलावं. कुणाचा अपमान नाही, कुणाला राग नाही. लग्नाच्या मागण्यासुद्धा आमच्याकडे अशाच फेटाळल्या गेल्या आहेत, आणि ज्यांच्या फेटाळल्या गेल्या ते पुढे त्याच मुलीच्या लग्नात नाचले आहेत.

विल्बर्ट मात्र बोलायचा. फिनिश आईच्या पोटी हा कुठला इटालियन जन्माला आला म्हणून लोक चेष्टा करायचे. दिवाळखोरीचा अर्ज करायला येणारा माणूस मान खाली घालून येतो, त्याला बोलतं करायचं तर आधी आपण बोलायला हवं, असं विल्बर्टचं म्हणणं. त्यामुळे त्याच्या खोलीत कायद्याबरोबर सगळंच मिळायचं. भट्टी कधी बदल, जावयाला जामीन राहू नकोस, ती बोट आत्ताच विकून टाक, दाढदुखी अंगावर काढू नकोस. एका म्हाताऱ्याला तर त्याने पुन्हा लग्न कर असं सांगितलं होतं. म्हाताऱ्याने केलं. पुढे तो म्हातारा वकिलाला रस्त्यात दिसला की दुसऱ्या फुटपाथवर जायचा, ती गोष्ट वेगळी.

मग २००५ साली वॉशिंग्टनमध्ये दिवाळखोरीचा नवा कायदा झाला. लोक हप्त्यांवर मोठाले टीव्ही घेतात, समुद्रकिनाऱ्यावर मजा मारून येतात आणि मग कोर्टात हात वर करतात, वकीलच त्यांना हे शिकवतात, असा तिथल्या लोकांचा समज. त्या कायद्यात वकिलांसाठी एक कलम घातलं: दिवाळखोरीच्या तोंडावर असलेल्या अशिलाला आणखी कर्ज काढ असा सल्ला द्यायचा नाही. शिवाय वकिलाने आपल्या जाहिरातीत स्वतःला कर्जमुक्तीची संस्था म्हणवून घ्यायचं. विल्बर्टची गावच्या साप्ताहिकात बोटभर जाहिरात यायची. तीत एक ओळ वाढली.

"काय रे विल्बर्ट, तू संस्था कधीपासून झालास?" डोरीनने विचारलं. "कालपर्यंत तर शर्टाचं बटण तुटलेला साधा माणूस होतास."

"सरकारने केलं."

"मग बटणाचं पण सरकारलाच सांग."

तो हसला. पण त्याच सुमारास तो पुलाखाली वकिलांच्या एका शिबिराला जाऊन आला. तिथे कुणीतरी भाषणात सांगितलं म्हणे, की हे कलम कुठवर लागू होतं ते अजून कुठल्याच वरच्या कोर्टाने नक्की केलेलं नाही. तोवर शहाण्याने कर्ज या शब्दाच्या आसपासही फिरू नये. फी जाईल, भरपाई द्यावी लागेल, सनद धोक्यात येईल. विल्बर्ट परत आला तो निम्मा बोलायचा बंद होऊन. भट्टी बदल म्हणावं, तर भट्टी हप्त्यावर येते. दात दाखव म्हणावं, तर दातांच्या डॉक्टरचंही बिल. कायद्याचं त्याला फार होतं. जंगलातल्या मोकळ्या चौकातसुद्धा तो लाल दिव्याला गाडी थांबवून हिरवा होईपर्यंत बसून राहायचा. मागचा हॉर्न वाजवत असला तरी.

त्याच्या पुढच्या वर्षी, हरणांच्या शिकारीच्या दिवसांत, इर्मा त्याच्याकडे गेली. ते दिवस तिने मुद्दाम निवडले. पुरुष सगळे शिकाऱ्यांची नारिंगी जाकिटं घालून रानात, गाव ओस. हार्डवेअरच्या जिन्यावर चढताना पाहायला कुणी नाही. डोरीनने पाहिलंच, पण डोरीनची गणती या हिशोबात कुणी करत नाही.

इर्मा आणि विल्बर्ट एका शाळेतले. ती रानात लांब लांब विखुरलेल्या घरांतल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन त्यांची अंघोळ, औषधं, जेवणखाण बघायची. नवरा रेमंड रस्त्यांवरचा बर्फ काढणारी गाडी चालवायचा, पण त्याची मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून तीनदा त्याला रक्त शुद्ध करून घ्यायला पाऊण तासावरच्या इस्पितळात न्यावं लागायचं. विमा होता, पण जिथे लागेल तिथे तो नसायचा. बिलं साचत गेली.

पुढचं संभाषण इर्मानेच नंतर सांगितलं. विल्बर्टने अशिलाचं बोलणं कधी बाहेर सांगितलं नाही, आणि त्यामुळेच पुढे त्याला आपली बाजूही कधी मांडता आली नाही.

"बस इर्मा. कॉफी घेशील?"

"नको रे." मग थोड्या वेळाने, "केलेली असेल तर अर्धा कप."

केलेली होतीच. त्याने तिचे सगळे कागद पाहिले. घर राहील, म्हणाला. रेमंडच्या वडिलांनी बांधलेली सौना, म्हणजे शनिवारच्या वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली, तीही राहील. इस्पितळाचं सगळं सुटेल. इर्माला इतकं हलकं वाटलं की उरलेला अर्धा कपही तिने घेतला. मग म्हणाली, "आता एकच राहिलं. गाडी."

"कुठली गाडी?"

"आमचीच. पायाखालून रस्ता दिसतो तिच्या. नॉर्म बियांकीकडे एक हिरवी आहे, फार जुनी नाही, बर्फात चारी चाकं ओढतात. तो म्हणतो, आत्ता आलीस तर नुसत्या सहीवर हप्ते बांधून देतो. एकदा दिवाळखोरी लागली की त्याची कर्जाची कंपनी मला दारात उभं करणार नाही. मग अर्जाच्या आधी घेऊ का?"

विल्बर्टने पेन खाली ठेवलं.

"त्यावर मला बोलता येत नाही, इर्मा."

"बोलता येत नाही म्हणजे?"

"कायदा आहे तसा."

"गाडी घेणं गुन्हा आहे?"

"तसं मी म्हटलं नाही."

"मग घेऊ?"

विल्बर्टने खिडकीबाहेर पाहिलं.

इर्मा वाट बघत बसली. समोरच्या रस्त्यावर बघण्यासारखं काहीही नव्हतं, तरी तो बघत होता. शेवटी म्हणाला, "दुसऱ्या कुणाला तरी विचार."

"दुसरा वकील आहे कुठे गावात?"

तो काही बोलला नाही.

"बरं," इर्मा म्हणाली. "कळलं मला." कप धुऊन, पालथा घालून ती खाली उतरली.

तिथून ती थेट नॉर्मच्या जुन्या गाड्या विकायच्या आवारात गेली आणि हिरवी गाडी दुसऱ्या कुणाला तरी दे म्हणाली.

"वकील नको म्हणाला?" नॉर्मने विचारलं.

"म्हणाला नाही. गप्प बसला."

"गप्प बसला म्हणजे काय? आमच्या इटालियन घरात कुणी गप्प बसलं तर आम्ही डॉक्टरला बोलावतो."

"तुला नाही कळायचं नॉर्म. दुसरा कुणी गप्प बसला असता तर मी पुन्हा विचार केला असता. विल्बर्ट गप्प बसला. एवढा बोलणारा माणूस तोंड मिटतो, म्हणजे काहीतरी फार वाईट असणार."

घरी जाऊन तिने रेमंडला सांगितलं. रेमंड म्हणाला, "मग राहू दे." विषय संपला.

अर्ज नीट झाला. कोर्टाच्या गावी जाऊन इर्माने शपथेवर उत्तरं दिली, घर राहिलं, कर्जं सुटली. कागदावर बघायचं तर विल्बर्टने इतकं चोख काम आयुष्यात केलं नसेल. आणि जानेवारीत, इस्पितळाच्या वाटेवरच्या चढावर, जुनी गाडी बंद पडली ती पडलीच. रेमंड आत घोंगडीत, इर्मा बाहेर बर्फात हात करत उभी. लाकडाचा ट्रक आला म्हणून वेळ निभावली.

त्यानंतर शेजारी पाळीपाळीने रेमंडला नेऊ लागले. कुणी कुरकुर केली नाही. पण इर्माला दर वेळी कुणाच्या तरी दाराशी उभं राहून "तुला जमेल का?" म्हणावं लागायचं, आणि समोरच्याने क्षणभर जरी खिडकीबाहेर बघितलं तरी ती "असू दे असू दे" म्हणत मागे फिरायची. कित्येकदा तो बिचारा फक्त बर्फ थांबलाय का ते बघत असायचा. म्हाताऱ्यांकडे जायला मात्र शेजाऱ्यांच्या गाड्या कुठून आणणार? ते काम गेलं. नॉर्मने जीव तोडून प्रयत्न केले, पण कर्जाच्या कंपनीने असा व्याजदर सांगितला की सांगताना त्याचीच मान खाली गेली. बर्फ वितळायच्या आत सालो नवरा-बायको मुलीकडे सॅगिनॉला निघून गेले. तिथे इस्पितळ दोन चौक पलीकडे होतं. पुलाखालची झाली ती.

घर राहिलं. घरात राहणारं कुणी राहिलं नाही.

नॉर्मने डोरीनला सांगितलं, डोरीनने गावाला. वकिलाने गाडी घेऊ दिली नाही. पुढच्या हिवाळ्यात वकील सालोंच्या छपरावर दिसला आणि गोष्टीला शेपूट फुटलं. आमच्याकडे बर्फ माणसाच्या उंचीचा साचतो. रिकाम्या घराचं छप्पर कुणी साफ केलं नाही तर वसंतापर्यंत आढं मोडतं. हे सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असलेल्या गोष्टीत सांगण्यासारखं काय असतं?

"मग विल्बर्ट, राहायला कधी जातोयस?" डोरीनने त्याच्यापुढे पॅस्टी ठेवत विचारलं. दुकान भरलेलं होतं.

"कुठे?"

"अरे तुझ्या नव्या घरी. छप्पर आताच चकचकीत ठेवलंयस. पडद्यांचा रंग ठरला असेल तर सांग, माझ्याकडे कापड आहे."

मी तेव्हा हसलो होतो. सगळेच हसले होते. विल्बर्टने पॅस्टीचा एक घास खाल्ला, उरलेली कागदात गुंडाळून घेतली, पैसे ठेवले आणि गेला. नंतर तो डोरीनकडे यायचा बंद झाला. गावात तो मुळात एकटाच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता कॉफीसुद्धा तो हार्डवेअरच्या वरच्या खोलीतच करून प्यायचा. लोक त्याच्याकडे अर्ज करायला जायचे, कारण दुसरा वकील नव्हता, पण गरजेपुरतंच बोलायचे. तोही गरजेपुरतंच.

२०१० च्या मार्चमध्ये एका सकाळी तो अचानक डोरीनच्या दुकानात आला. कॉफी मागितली आणि नुसता कपाकडे बघत बसला.

"कुणी गेलं का रे?" डोरीनने जरा मऊ होऊन विचारलं.

"नाही. कोर्टाचा निकाल आला. सगळ्यात वरच्या कोर्टाचा."

"जिंकलास का हरलास?"

"माझा खटलाच नव्हता," तो म्हणाला. कॉफी तशीच ठेवून गेला. डोरीनला काही उमजलं नाही. तिने ते म्हातारपणाच्या खात्यात टाकलं.

त्याच हिवाळ्यात सॅगिनॉला रेमंड वारला होता. इर्माने त्याला इथेच पुरायचं ठरवलं. पण आमच्याकडे हिवाळ्यात जमीन फुटत नाही, म्हणून शवपेटी दफनभूमीच्या कोठीत वाट बघत राहिली आणि पुरणं मे महिन्यात झालं. नंतर चर्चच्या तळघरात कॉफी. विल्बर्ट आला होता. बायका त्याला जागा देताना जरा जास्तच सरकल्या. तो इर्माच्या समोर जाऊन बसला. मी शेजारच्या टेबलावर वेलदोड्याचा पाव कापत होतो, आणि इतके पातळ काप आमच्या चर्चमध्ये आजवर कुणी कापले नसतील.

"इर्मा, त्या गाडीचं बोलायचं होतं."

"कुठल्या?" इर्माने विचारलं, पण तिला कळलं होतं.

"हिरव्या. मार्चमध्ये निकाल आला. ती बंदी तुझ्यासारख्यांसाठी नव्हती. दिवाळखोरी येणारच आहे तर त्या भरवशावर कर्ज करून ठेव, असं वकिलाने सांगायचं नाही, एवढाच तिचा अर्थ. कामाला जायला, रेमंडला इस्पितळात न्यायला गाडी हवी आहे तर घे, हप्ते भर, हे मी सांगू शकत होतो."

"म्हणजे आता सांगता येतं?"

"तेव्हाही येत होतं."

इर्माने कप बाजूला सरकवला. "मला वाटलं तू नको म्हणालास."

"मी काहीच म्हणालो नाही."

"हो ना. काहीच म्हणाला नाहीस."

विल्बर्टने मान खाली घातली. "कायदा मोडेल असं वाटलं मला. म्हणून गप्प राहिलो. तू त्याचा काय अर्थ काढशील ते मला कळायला हवं होतं. मीही याच गावचा आहे."

"रेमंड तिकडे दर शनिवारी मला विचारायचा, सौना तापवलीस का गं," इर्मा म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत. आधी चेष्टेने विचारायचा. शेवटी शेवटी चेष्टा नव्हती. खरंच टॉवेल घेऊन बसायचा."

"मी बोलायला हवं होतं."

"हवं होतं," इर्मा म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर विल्बर्टला बरं वाटलं असतं, असं मला तेव्हा वाटलं. डोरीन कॉफीची किटली घेऊन त्यांच्या मागे उभी होती; कुणाच्याच कपात ओतायचं तिला सुचलं नाही.

"छपरावर तू चढतोस ना?" इर्माने विचारलं. "कशाला चढतोस या वयात?"

"मोडलं असतं."

"मोडू द्यायचं. मी काही आता परत येत नाही, विल्बर्ट. एकटीने मी काय करू इथे? घर विकून टाकणार आहे."

"ठीक आहे," तो म्हणाला. "कागद मी करून देतो."

त्याने कागद करून दिले आणि फी घेतली नाही. गिऱ्हाईक मिळायला पुढचे दोन हिवाळे जावे लागले, आणि त्या दोन्ही हिवाळ्यांत तो छपरावर चढला. दोर खालून डोरीनचा नवरा धरायचा. त्याला कुणी पाठवलं होतं ते डोरीनने कधी कबूल केलं नाही. शेवटी पुलाखालच्या एका कुटुंबाने बर्फावरून घसरणाऱ्या मोटारी पळवायला म्हणून घर घेतलं. सौनेत ते आता त्या मोटारींचं पेट्रोल ठेवतात.

विल्बर्टने आणखी काही वर्षं वकिली केली. तो पुन्हा बोलायला लागला, पण पूर्वीसारखं नाही. नव्या अशिलाने जिना चढून खुर्चीत बूड टेकवायच्या आत पहिला प्रश्न यायचा: गाडी धड आहे का? ज्याची धड असायची तो बिचारा गोंधळून जायचा. ज्याची नसायची त्याला विल्बर्ट कायदा, कलम, निकाल, हप्ते, सगळं इतकं समजावून सांगायचा की तो माणूस "कळलं, कळलं" म्हणायला लागला तरी हा थांबायचा नाही. "नीट सांग, काय कळलं तुला?" असं विचारायचा, आणि समोरच्याला आपल्या तोंडाने म्हणायला लावायचा. गेल्या वर्षी तोही गेला. जमीन मऊ होती, लगेच पुरला.

त्याला सालोंचं घर कधीच नको होतं. इर्माला गाडी घे म्हणून सांगायला कायद्याची बंदी आहे असं त्याला वाटलं, म्हणून तो गप्प बसला. तशी बंदी नव्हती.